नेल्सन आणि ओल्सनच्या मध्ये

अडतीस वर्षं मी या सभागृहात नावं वाचतो आहे.
त्यातली छत्तीस अशी:
नेल्सन, नुस्टाड, ओल्सन.
मधलं नाव आर्डिसचं.
"हजर" म्हणायची ती, जणू शेजारणीनं
कुंपणावरून विचारलंय, दूध आहे का घरात.

पहिल्या वर्षी आली नवऱ्याचा कोट घालून,
बाह्या दोनदा दुमडलेल्या.
बाहेर उणे एकतीस. गाड्यांची इंजिनं
रात्रभर विजेच्या वायरीला बांधलेली,
गोठ्यातल्या गाईंसारखी.
बिस्मार्कच्या त्या उंच इमारतीत, लिफ्टमध्ये,
कुणीतरी विचारलं, "कुणाच्या सेक्रेटरी तुम्ही?"
"साडेअकरा हजार माणसांची," म्हणाली,
आणि आपल्या मजल्यावर उतरली.

आमचं राज्य तसं काटकसरीचं.
अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, ऐंशी दिवस.
तिची अठरा झाली. मी एकदा हिशेब मांडला:
कारकीर्द छत्तीस वर्षांची, भरतात जेमतेम चार.
बाकीची बत्तीस गेली स्वयंपाकघरातल्या फोनपाशी.
कुणाचं पेन्शन अडलेलं,
कुणाच्या रस्त्यावर बर्फ उपसायला यंत्रच आलेलं नाही.
एक म्हातारा, बायको गेल्यापासून, दर मंगळवारी.
तक्रार सुचायची नाही त्याला,
मग वाऱ्याबद्दल सरकारला बोल लावायचा.

तिचं एक बिल होतं, वजनकाट्यांचं.
कोठारांवरचे काटे दरवर्षी तपासावेत,
तपासणाऱ्याचं नाव काट्यावर लिहावं.
पाऊण पान.
सात अधिवेशनं ते भिजत घोंगडं.
समितीत तिला कॉफी मिळायची, पाठीवर थाप,
आणि वाटाण्याच्या अक्षता.
आठव्या वेळी तिनं गव्हाचं एक पोतं आणवलं,
वर दोन गावांच्या दोन पावत्या टाचलेल्या.
"मधल्या वाटेत सात पौंड कुठे सांडले,
तेवढं सांगा."
मंजूर झालं.
पेपरातल्या फोटोत गव्हर्नर, पेन,
आणि कडेला तिचं कोपर.

पण मला सांगायचंय ते दुसरंच.

लहान शाळा बंद करायचा कायदा आला,
वीसहून कमी मुलांच्या.
आकडे बरोबर होते. ते नेहमीच असतात.
बोर्डावर हिरवे सत्तेचाळीस, लाल सेहेचाळीस.
अठ्ठेचाळीस लागतात.
लुंडबीची शाळा त्यात, सतरा मुलांची.
तिथं नऊ वर्षं शिकवलं होतं तिनं.
बोट बटणांवर धरून ती बसली होती,
आणि घड्याळाकडे बघायचं सोडून मी तिच्याकडे.

हिरवा.

का, ते तिनं सांगितलं नाही.
कारकुनानं विचारायचं नसतं.
गावानं तिला पुन्हा निवडूनही दिलं, फक्त
चर्चच्या तळघरात कॉफी ओतताना
तिचा कप अर्धाच भरायचे.

पुढे बसचालकाकडून कळलं:
ऑगस्ट संपताना, शाळेच्या पहिल्या सकाळी,
लुंडबीहून पिवळी बस निघते
आणि मागोमाग हिची करडी फोर्ड.
एक्केचाळीस मैल, बराचसा खडीचा रस्ता.
बस थांबेल तिथं थांबायचं,
लाल दिवा विझेपर्यंत.
शेवटचं मूल शाळेच्या दारात शिरलं
की गाडी वळवायची, हॉर्न न वाजवता.
एकवीस वर्षं.

गेल्या निवडणुकीला ती उभी राहिली नाही.
निरोपाला केक होता, पितळी पाटी होती,
भाषणांत "वारसा" हा शब्द नऊ वेळा.
मोजणं माझं कामच.
ती उठली, म्हणाली,
"माझ्या बाकावरचं बटण जरा अडकतं.
नव्या माणसाला सांगून ठेवा."
आणि बसली.

जानेवारीत नावं वाचली.
नेल्सन.
घसा खाकरला.
ओल्सन.

ऑगस्टात बस निघाली तेव्हा, म्हणे,
आरशात करडी गाडी होती नेहमीसारखी,
आणि तिच्या धुळीत आणखी एक.
दुसरी कुणाची,
ते कुठल्याही नोंदवहीत नाही.