सातवं घर

हिवाळा सरता सरता मी परत आलो,
डाव्या पायाची दोन बोटं सीमेवरच्या बर्फाला देऊन.
आईने बोटं मोजली नाहीत, मला मोजलं.
एक.
मग गोठ्याचं दार उघडत म्हणाली,
"आता देवाचं देणं."

नवस तिने केला होता, मला न विचारता.
तशी बाप्तिस्म्याच्या वेळीही माझी संमती कुणी घेतली नव्हती;
पाणी फार गार होतं, एवढंच सांगतात.

तेर गेवोंद आले, गावचे धर्मगुरू, धापा टाकत.
मूठभर मिठावर त्यांनी प्रार्थना म्हटली
आणि ते कोकरापुढे धरलं.
आधी मीठ, मग सुरी.
कोकरू शेपूट हलवत तळहात चाटत होतं.
मला तिथे उभं राहवेना.
राहिलो.

हंड्यात फक्त पाणी आणि मीठ.
कांदा नाही, मिरी नाही,
आईच्या हातची कसलीच हुशारी नाही.
सात घरी द्यायचं, सूर्य मावळायच्या आत.
उद्यासाठी काही ठेवायचं नाही.

पूर्वी सात घरं निवडावी लागत,
वगळलेल्यांचे रुसवे वर्षभर पुरत.
आता कुणी रशियात विटा रचतो, कुणी ट्रक हाकतो;
आमचं सोडलं तर सातच धुरांडी धूर सोडतात,
आणि सातवं अरिस्ताकेसचं.

यादी त्याने लिहिली होती.
गावकचेरीतला कारकून, निळी शाई, नीटस अक्षर.
त्याच्या मुलाच्या नावापुढे डॉक्टरचा कागद जोडलेला.
माझ्या नावापुढे काहीच नव्हतं.
आई होती, पण ती टाचणीने जोडता येत नाही.

"सहाच देऊ," मी म्हणालो. "देव काय मोजत बसलाय?"
आई ताट पुसत होती.
"तो मोजत नाही," ती म्हणाली,
"म्हणून तर आपण मोजायचं."

यावर काय बोलणार? ताट उचललं.

त्याच्या घराकडे चढ आहे. दर पावलाला
बूट पुढून रिकामा वाजतो.
वाटेत उगाच ती जुनी गोष्ट आठवली:
जनावरं दुभागून समोरासमोर मांडलेली,
मधून करार करणाऱ्यांनी चालत जायचं,
मोडला शब्द, तर माझेही असेच दोन तुकडे होवोत.
पण म्हाताऱ्याला त्या रात्री झोप लागली.
काळोखातून गेला तो एकटाच,
धुमसत्या भट्टीसारखा, पेटत्या पलित्यासारखा;
दोघांच्याही वाट्याची शपथ त्याने एकट्याने वाहिली.
लहानपणी ऐकताना मला वाटलं होतं,
फसला बिचारा.
असा करार कोण करतं?

अरिस्ताकेसने दार उघडलं.
आत एकच खुर्ची, तिच्यावर वाळत घातलेला सदरा.
त्याने ताटाकडे नाही पाहिलं,
माझ्या बुटाकडे पाहिलं, बराच वेळ.
मग उंबऱ्याशी उभ्यानेच खाल्लं,
हाडं चोखून, लहान मुलासारखं.

मी क्षमा केली, असं कुणी समजू नये.
मी ताट पोचवलं.

रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून
तो एकेक फडताळ उघडत राहिला.
अक्रोड नाहीत. मधाची बरणी, आत मुंग्या.
शेवटी ताटाच्या मधोमध
चिमूटभर मीठ ठेवलं.
हात थरथरला, थोडं बाहेर सांडलं.

उतारावर वारा सुटला.
ताटावर आडवा तळहात धरून चालत होतो,
मीठ उडू नये म्हणून.
का, ते ठाऊक नाही.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
इथे कुणी कुणाचं खाल्लं, हिशेब लागेना.

ऊन डोंगराच्या कडेला टेकलं होतं.
खाली दारात आई उभी,
अजून बोटांवर काहीतरी मोजत.