पाच पाऊणे पावणेचार

आज पंचमी.
पाच पाऊणे पावणेचार.
पावणेचारला समुद्र पुरा भरतो, काका,
आता उतरलात तर अर्ध्या वाटेत अडकाल.
उद्या या. षष्ठी. साडेदहाला खडक उघडे.
तोवर आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर,
मग परत काळभैरव. इथली रीत आहे.
पिशवी राहू दे माझ्या पाटीजवळ,
द्वारकाकडची वस्तू कुणी हलवत नाही.

मी किती घातल्या?
सगळेच विचारतात.
ओहोटीला तुम्ही देवाभोवती फिरता
आणि मी कोयती घेऊन कालवं फोडत बसते.
पाणी कुणासाठी दोनदा हटत नाही.

एकदाच घातली. तीसुद्धा उलटी.
शेळी सुटली होती, गाभण,
पुळणीकडून शिरली कातळात,
मी मागे.
पाणी गुडघ्याला, मग कमरेला,
ती खांद्यावर, खूर माझ्या छातीवर झाडत.
गायत्री तीर्थाशी अशी एक लाट आली
की दोघी एकदमच ओरडलो.

घळ चढून, डोंगर उतरून आले
तर भैरवाच्या दारात विसाजी गुरव,
हातात आरतीचं तबक.
म्हणाला, उलटी मोजत नाहीत गो.
मी शेळी खाली ठेवली.
तिने अंग झटकलं.
वात चरचरली, विझली नाही.

तिसऱ्या दिवशी दोन करडं झाली.
एक हरी, एक हर.
हर फार द्वाड. कालच कुणाचा तरी
बेल खाऊन आला.

नारळ सोललेला देऊ, की शेंडीचा?