डावं चाक

टँकरचा व्हॉल्व्ह गळतो, हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे.
अंबाजोगाईपासून लोखंडी सावरगावच्या फाट्यापर्यंत
डाव्या अंगाला एक ओली रेघ,
रेघेवर मधमाश्या, चिमण्या, एखादं कुत्रं.
बोअरचं पाणी. जड, जिभेला तुरट.
माणसांना सात वर्षं पुरलं नाही,
डाव्या चाकाला पुरलं.

गफूर मिस्तरीनं ड्रमवर हातोडा घातला
तर ठणका उठलाच नाही, लाल भुगा पडला.
"ह्याच्यात ब्रेक होता कधी?"
होता. ट्रॉली नवी होती तेव्हा होता.
मग पाण्यानं लायनर आणि लोखंड
असं चिकटवलं एकमेकांना
की सोडवायला जावं तर दोन्ही तुटावं.
नामाजी डायव्हरनं शेवटी तारच कापली.
म्हणाला, कामून उगं खर्च?
आपल्याकडं दगड हाय, पोरगं हाय.

पोरगं मी होतो.

दगड वडारवाड्यातल्या दुर्गव्वानं घडलेला,
काळा, एका बाजूनं उतरता,
सात किलो. मी तेव्हा तीस.
चढावर इंजिनला धाप लागली
की नामाजीची हाक यायच्या आत उडी,
पळत मागं, चाकाच्या पोटात दगड,
आणि हात काढून घ्यायचा.
हात काढून घ्यायचा, हे कुणी शिकवलं नाही.
एकदा उशीर झाला.
अंगठ्याचं नख परत आलं, पण वाकडं आलं.

आता ट्रॉली माझी, दगड तोच, पोरगं रेवण.
गेल्या महिन्यात तो उडी मारताना घसरला.
काही झालं नाही.
चाक त्याच्या चपलेवरून गेलं,
चपलेत पाय नव्हता.
त्या रात्री मी जेवलो, झोपलोसुद्धा,
आणि सकाळी भिशी उचलली
जी घरावरच्या पत्र्यांसाठी होती.

चकती पुण्याहून एसटीच्या पार्सलानं आली,
न गंजणाऱ्या पोलादाची, जेवायच्या ताटाएवढी.
गफूरनं आधी तिच्यात दाढी बघितली.
मग दांडीवर हात ठेवून समजावलं:
ट्रॅक्टर हळू झाला की ही मागून ढकलती ना?
त्या ढकलण्याचीच तुला आजवर भीती.
आता तेच ढकलणं तेलाला दाबंल,
तेल चकतीला धरंल.
हिचाच जोर हिला आवरंल.
मी म्हणालो, माणसाला बसतो का असला?
"बसतो. पण आधी नळीतली हवा काढावी लागती."

हवा काढायला दुपार गेली.
मी दाबायचो, तो चावी सैल करायचा,
बाटलीत बुडबुडे. दाब. धर. सोड.
पुन्हा बुडबुडे.
कुठून येते एवढी हवा एवढ्याशा नळीत?
रेवण मोजत होता, एकोणचाळीसला थांबला.
तेल सरळ आलं.

व्हॉल्व्हला पैसे उरले नाहीत.
"गळू दे," गफूर म्हणाला, "आता गंजायचं नाही."
आणि निघताना, हात पुसत:
"दगड फेकू नको बरं का.
हा चालत्या गाडीचा ब्रेक हाय.
उभ्या गाडीला दगडच."

घाटाच्या उतारावर पाच हजार लिटर पाणी
पहिल्यांदाच माझ्या पाठीला टेकलं नाही.
मला वाटलं, ट्रॉली सुटली. मागं वळून पाहिलं.
होती.

पुढं शाळेजवळच्या चढावर उभं केलं, पाणी द्यायला.
रेवणनं सवयीनं अंग गोळा केलं, उडीसाठी.
मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
उतर, म्हणालो, घाई नाही.

तो पायरीवरून उतरला, एकेक पाय टाकत,
दगड काखेत धरून ट्रॅक्टरला वळसा घालून
चालत गेला.
ओल्या रेघेतून. नव्या चपला घातलेल्या.