उरेब

शोरूममधला पोरगा मिलिमीटरमध्ये बोलत होता.
व्हीलबेस दोन हजार चारशे पस्तीस,
ग्राउंड क्लिअरन्स एकशे पासष्ट,
आणि लांबी, मॅडम, चार मीटरच्या आत, म्हणून टॅक्स कमी.
मी पर्समधून माझी टेप काढली. इंचांची.
धनकवडीत बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय,
मला खांदा दाखवा, म्हटलं.
हे लाजले. टायर बघत उभे राहिले.

मागची सीट, दारापासून दारापर्यंत: एक्कावन्न.
माणसं तीन. वाट्याला सतरा.
सतरा इंच म्हणजे उभा माणूस.
बसला की तो पसरतो, मांड्यांत, कमरेत,
थंडीत स्वेटरसकट आणखी दीड.
कापताना आम्ही शिवणीच्या आत थोडं कापड राखतो,
पुढे अंग भरलं तर उसवून सोडायला.
त्याला माया म्हणतात.
विचारलं, तुमच्या गाडीत माया किती?
तो म्हणाला, बूट स्पेस दोनशे साठ लिटर.

हणमंतभावजींचा उजवा गुडघा वाकत नाही,
कात्रजच्या वळणावर टेम्पोनं ठेचल्यापासून.
आमचा ओजस सहा फूट एक, अजून वाढतोय.
ह्यांना आवडलेली ती लांब, बसकी, पांढरी.
ओजसचे केस छताला लागले.
भावजींनी पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला,
कुणाकडे न बघता.

मग दुसरी. आखूड, उंच,
हे म्हणाले, जेवणाचा डबा उभा केल्यासारखी दिसते.
दिसू दे.
खुर्चीसारखं ताठ बसवते ती,
आणि ताठ बसलेला माणूस पायांना जागा कमी मागतो.
भावजींना वाकावं लागलं नाही,
नुसते मागे सरकून टेकले.
बाहेरून म्हणाल तर आमच्या पार्किंगच्या
दोन खांबांत बसते, आरसे मिटून,
दोन्हीकडे चार-चार बोटं सोडून,
साळवेकरांची स्कूटर आडवी नसेल तर.

रविवारी निघालो, सासवडला, मावसनणंदेकडे.
पुढे भावजी, सीट पार मागे,
म्हणून त्यांच्या मागे सासूबाई, त्यांचे पाय आखूड.
ह्यांच्या मागे ओजस.
मधे मी.
पायाखाली उंचवटा,
पाठीला मिटलेल्या हातटेकणीचा कडक चौकोन.
वहीत सगळ्यांची मापं होती,
माझं घ्यायचं राहून गेलं होतं.

बोपदेवच्या पहिल्याच वळणावर सासूबाई म्हणाल्या,
अगं, सरक की जरा.
कुठे सरकू?
कापड कमी पडलं की आम्ही उरेबात काढतो.
तिरकं कापड ताणलं की थोडं देतं.
मी एक खांदा पुढे घेतला,
एक ओजसच्या दंडामागे सारला.
दोन इंच निघाले.

सासूबाईंनी त्यात पिशवी ठेवली.