पान बासष्ट

परिपत्रक तिरानाहून आलं, अर्ध्या कागदाचं.
शिक्का नवा, टंकयंत्र जुनंच, तोच तुटका 'ए'.
पाचवीच्या समाजशास्त्रातून काढायची पानं:
सदतीस ते बावन्न, एकसष्ट, आणि मलपृष्ठ.

फात्बार्धा बाईंनी ते वाचलं
मागल्या वर्षी पक्षाची थोरवी वाचली त्याच आवाजात,
ना वर, ना खाली.
मग पट्टी दिली पहिल्या बाकावर.
शिवणीला लावा, एका दमात ओढा,
कडा दिसता कामा नये.
हीच पट्टी पेत्रितच्या बोटांवर बसली होती
पाठांतरात 'महान' गाळला म्हणून.

खिडक्यांना काचा नव्हत्या.
पत्र्याची शेगडी कितीतरी दिवसांनी पेटली.
गुळगुळीत कागद धड जळत नाही,
नेत्याचा कोट आधी तपकिरी झाला, मग टोपी.
आम्ही हात शेकले.
खोटं कशाला बोलू, मजा आली.

एकसष्टवर तो धरणाच्या भिंतीवर उभा,
हात पाण्याकडे.
तेव्हा ह्यरिए उठली: बाई, बासष्टचं काय?

पानाला पाठ असते
हे परिपत्रक काढणाऱ्यांच्या ध्यानात नव्हतं.
पाठीवर जुनं कुकस, पाण्याखाली जाण्याआधीचं.
बाजार, दोन नद्यांचा संगम, एक गाढव,
कोपऱ्यात लोहाराचं दुकान,
पाटी नखाएवढी, पण आडनाव माझं.
घरी फोटो नव्हता.
गाव सोडताना आजोबांनी ट्रकात ऐरण चढवली,
भिंती कशा चढवणार.

बाईंनी परिपत्रक उलटून पाहिलं.
मागे कोरं.
'बासष्टचा उल्लेख नाही,' त्या म्हणाल्या,
आणि पुढे काहीच म्हणाल्या नाहीत,
म्हणून आम्ही फाडलं.

आता त्याच वर्गात मी शिकवतो. काचा आहेत.
पुस्तक तिसऱ्यांदा बदललंय.
एका आवृत्तीत धरण म्हणजे जुलूम,
पुढच्या सरकारात विकास,
यंदा नुसती चौकट, वीज किती निघते त्याची.
खाली गाळलेल्या जागा भरा.
मुलं पेन्सिल चावतात
आणि चौकटीतला आकडा उचलून ठेवतात.
मी बरोबरची खूण करतो. पगार त्याचाच आहे.

माझ्या जुन्या प्रतीतली सूची कुणी फाडली नाही,
तिचा हुकूम नव्हता.
'क'च्या रांगेत अजून छापलेलं आहे:
कुकस, जुने. पाहा पान बासष्ट.

पाहतो.
साठनंतर थेट त्रेसष्ट,
मक्याची लागवड.