नकाशात मीठ कुठाय

पहिला नकाशा खोक्यातून आयता मिळाला होता.
परदेशी खोकं, कोपरे चेपलेले,
फोर्टच्या फुटपाथवर घासाघीस करून तीनशेला.
त्यात बर्फ होतं, ओकची झाडं होती,
टेकडीवर किल्ला, किल्ल्याखाली खानावळ,
खानावळीत एक म्हातारा
जो आल्यागेल्याला कामगिरी सांगतो.

शीवच्या किल्ल्याखाली, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा बंद ठेवून (फासे उडत नाहीत, कागद उडतात)
आम्ही चौघं त्या बर्फातून सहा महिने चाललो.
बर्फ कुणीच पाहिलं नव्हतं.
एलिझरने एकदा फ्रीजर खरवडून
ताटलीत आणून ठेवलं मधोमध,
वातावरणासाठी.

मग वैजू केणी आली, भांडुपची.
आजोबा मिठागरात राबलेले.
तिनं नकाशा स्वतःकडे फिरवला आणि विचारलं,
"ह्या राज्यात मीठ कुठून येतं?"

पुस्तकात तलवारीचा भाव होता,
पन्नास फूट दोरीचा होता,
मिठाचा नव्हता.

"मग मासळी टिकते कशी? फौज खाते काय?
आणि हा तुझा सरदार, राजाशी इमानी म्हणतोस,
खाल्ल्या कशाला जागतो रे तो?"

त्या रात्री नवा कागद घेतला.
पालिकेत मी जलवाहिन्यांचे नकाशे काढतो,
निळी रेघ कुठे वळते एवढंच मला कळतं.
तर निळ्यापासूनच सुरुवात:
सात बेटं, मधे खाजणं,
भरतीला सात, ओहोटीला मोजता येत नाहीत.
खानावळ खोडली, ताडाखाली एक गुत्ता टाकला,
आणि शेंड्यावर चढलेल्या भंडाऱ्याला हेर केला,
त्याला वरून सगळं दिसतंच.
किल्ल्याच्या भिंतीत आधीच्या किल्ल्याचे दगड,
त्यात त्याहून आधीच्या कशाचे तरी.
भुयार वेगळं रचावं लागलं नाही,
नुसतं खणत जायचं.

वाटेवर एक गधेगळ रोवला.
वर चंद्रसूर्य, मधे झिजलेली अक्षरं,
खाली ते गाढव आणि ते,
जे आईसमोर सांगता येत नाही.
जो ही दानाची जमीन बळकावील, त्याच्या... वगैरे.
ग्लेन गोन्साल्विसचा शूर सरदार वाचायला थांबला नाही,
दगडावर पाय ठेवून त्यानं बूट पुसले.
फासा पडला: वीसपैकी एक.
पुढचे चार शनिवार
त्याचा घोडा रेकत होता.

राक्षसांपाशी मात्र अडलं.
जुन्या नकाशात सोपं होतं,
उत्तरेला, डोंगरापलीकडे, हिरवे, दात बाहेर.
मी समुद्रावर चाचे सोडले.
उथळ होड्या, रात्री येतात, गलबतं लुटतात.
चपळाई सोळा. बुद्धी सहा.

भुवनेश नाखवा, वरळीचा,
तोवर "मी मारतो" यापलीकडे बोलला नव्हता.
आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे कुणी मोजलं?"
म्हटलं, जुन्या दप्तरांत तसंच आहे, माझ्या मनाचं नाही.
"दप्तर गलबतवाल्याचं ना?
भरतीच्या वेळी, अंधारात, कंदील न लावता
होडी खडकांमधून काढायची असते.
तू काढ एकदा. मग लिही बुद्धी."

एलिझर उगाच फासे मोजत बसला. सात होते, सातच भरले.

सहा पुसला मी.
तिथे अजून काही लिहिलेलं नाही.
कागद तेवढ्या जागी पातळ झालाय,
दिव्यासमोर धरला की कळतं.
वैजूनं मात्र भावपत्रकात भर घातलीय:
मीठ, पायलीला दोन कवड्या, उधारी नाही.

शीव म्हणजे वेस. बेट इथं संपायचं.
इतकी वर्षं आम्ही कडेवरच बसून खेळतोय
आणि मला, नकाशे काढणाऱ्याला, हे सुचलं नाही.
खाडीपलीकडे कुणी असाच कागद पसरला असेल,
त्याच्या दक्षिणेला, अगदी काठावर,
पिवळ्या उजेडाची एक खिडकी,
आत पाच आकृत्या वाकलेल्या,
कशावरून तरी हसताहेत,
दात बाहेर.