चौथा पाय

चमच्यांच्या खणात पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर सापडला.
सगळ्यांत बारीक, पिवळ्या मुठीचा.
मी तो काट्यांशेजारी आडवा ठेवला, खण लोटला.
एकतीस वर्षांच्या संसारात
कशावरून भांडायचं नाही, एवढं कळतं.

पुंता आरेनासला जूनमध्ये पाचलाच अंधार पडतो.
वारा छपराचे पत्रे धरून हलवत असतो
आणि अन्सेल्मो जेवणाच्या टेबलावर
सहा पायांचं जनावर मांडून बसतो.
अंगाला कॉफीचा डबा,
गुडघ्यांना ब्रिगिदाच्या मोडक्या प्रिंटरच्या दांड्या.
पायांच्या मोटारी चीनहून आल्या,
दोन महिने कस्टममध्ये अडकून.
लेक सान्तियागोहून यायची असते
तेव्हाही तो इतक्यांदा दाराशी जात नाही.

नाव ठेवलंय सेंतोया.
सामुद्रधुनीतला तो काटेरी, लाल, थोराड खेकडा,
ज्याच्या जिवावर हे घर उभं राहिलं.
अन्सेल्मो कारखान्यात शीतगृहाची यंत्रं सांभाळायचा,
मी पट्ट्यापाशी उभी राहून पाय सोलायचे.
बावीस वर्षं.
त्याचे गुडघे गेले.
माझी बोटं हिवाळ्यात आखडतात,
पण विसरत काही नाहीत.

ही सेंतोया उभी राहते, थरथरते,
तीन पावलं नीट टाकते
आणि चौथ्या पायाशी येऊन
मानपान चुकलेल्या पाहुण्यासारखी अडून बसते.
मग डावीकडे कलंडते, मिठाच्या बरणीवर.

अन्सेल्मो म्हणतो, प्रोग्रॅममध्ये चूक आहे.
रात्ररात्र आकडे बदलतो.
वीस मिलिसेकंद. पंचवीस. अठरा.
पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड
शीतगृहातल्यासारखं निळं.
मी एकदा म्हटलं, खोट पायातच असेल.
तो म्हणाला, "हं."
हा "हं" माझ्या ओळखीचा आहे.
छप्पर गळायला लागलं तेव्हाही
तो एवढंच म्हणाला होता.

मंगळवारी तो लवकर झोपला.
मी टेबल पुसायला गेले.
म्हणजे, पुसायला नव्हते गेले.
दिवा लावला नाही.
पट्ट्यावर तरी कुठे बघून काम केलं?
पहिला पाय, दुसरा, तिसरा:
सांधा जिथे हवा तिथे.
चौथा.
खुब्यापाशी
एक दाता पुढे.
एकच दाता, खसखशीएवढा.
खऱ्या खेकड्याचा पाय असा बसता
तर तो समुद्राच्या तळावरून चाललाच नसता,
जाळ्यापर्यंत पोचला नसता,
आणि मग आम्हीही...
असो.

काट्यांशेजारून स्क्रू-ड्रायव्हर काढला.
स्क्रू सैल केला, पाय उपसला,
एक दाता मागे घेतला, कसला.
वारा थांबला होता का, आठवत नाही.
आत अन्सेल्मो घोरत होता, तेवढं आठवतं.

सकाळी ती चालली.
पावाच्या टोपलीला वळसा घालून
टेबलाच्या कडेपर्यंत, सहाही पायांनी.
कडेला त्याने ती तळहातावर झेलली.
"बघ! अठराच बरोबर होतं!"
"अठरा," मी म्हटलं,
आणि मातेत गरम पाणी ओतलं.

ती त्याच्या हातात उताणी,
पाय अजून हवेत चालत होते.
त्याने बॅटरी काढली.
चौथ्या पायाकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ.
स्क्रूची खाच तो नेहमी उभी ठेवतो.
मला ते ठाऊक नव्हतं.
माझी तिरपी होती.

तो "हं" म्हणाला नाही.
काहीच म्हणाला नाही.

आज खणात चमच्यांशेजारी
पिवळ्या मुठीचा होताच.
त्याला लागून दुसरा, लाल, नवा,
आखूड मुठीचा,
त्याच्या पंजात हरवेल असा.

मी तो हातात घेऊन पाहिला.
जिथे होता तिथेच ठेवला.
संध्याकाळी एवढंच विचारलं,
सहा पायांच्या खेकड्याला
आणखी दोन मोटारी कशाला मागवल्यास?

"नांग्या," तो म्हणाला,
आणि शेजारची खुर्ची
पायानेच जरा मागे सरकवली.